मांडीतले ४० हजार खण

गेल्या पावसाळ्यात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय घसरला, डावा घोटा मोडला आणि सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर कापलं त्या दिवशी आतून जी पोटरी बाहेर आली ती माझी वाटेचना. कातडी कोरडी पडलेली, आणि बोटानं दाबलं तर खाली नुसतं मऊ मऊ. घरी येऊन शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी ३४ सेंटिमीटर, डावी ३१. मांडीतला फरक तर न मोजताही दिसत होता. हाड जुळलं याचा आनंद बाजूला राहिला आणि त्या तीन सेंटिमीटरांनी मला पछाडलं. ते मांस गेलं कुठे? आणि परत यायचं तर येणार कुठून?

त्यानंतर वर्षभर मी घरातल्या घरात, एकटीनं, त्या पायावर काम केलं. सामान म्हणाल तर एक लाकडी खुर्ची, जिन्याची पायरी, एक दिवाण आणि जुन्या पाठपिशवीत भरलेले तांदूळ. पाय सुधारत गेला तसतशी वाचत गेले, आणि जे वाचलं ते सांगितल्याशिवाय आता राहवत नाही. तालमीतली माणसं 'अंग कमावणं' म्हणतात. कमावलेलं शरीर, कमावलेल्या मांड्या. हा शब्द किती नेमका आहे ते स्नायूच्या आत डोकावल्यावर कळतं. तिथे रोज जमा आणि रोज खर्च चालू असतो. जुनी प्रथिनं मोडली जातात, नवी बांधली जातात, दिवसरात्र, आपण झोपलेले असतानाही. पाय प्लास्टरमध्ये गेला की बांधकाम मंदावतं, मोडतोड मात्र चालूच राहते. माझे तीन सेंटिमीटर कुणी चोरले नव्हते. दीड महिना जमेची बाजू रोडावली होती, इतकंच.

आता एक बैठक घेऊन बघू. सावकाश. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा गट आहे, आणि त्यात साधारण केसाइतक्या जाडीचे लाखो तंतू. एका तंतूच्या आत त्याहून बारीक दोरे, आणि प्रत्येक दोऱ्याचे, जुन्या वाड्याचे असावेत तसे, ओळीनं खण पडलेले. एक खण मिलिमीटरच्या चारशेव्या भागाइतका, म्हणजे अडीच मायक्रोमीटरचा. दहा सेंटिमीटर लांबीचा तंतू धरला तर एका ओळीत ४० हजार खण बसतात. गुडघा सरळ होतो तेव्हा यातला प्रत्येक खण तसूभरही नाही, तसूच्या हजारो भागांपैकी एखाद्या भागाइतका आखडतो. ४० हजारांचं ते आखडणं एकापुढे एक जोडलं जातं आणि त्याचे सेंटिमीटर होतात. त्या सेंटिमीटरांवर आपण उभे राहतो.

खण आखडतो म्हणजे काय होतं, हे १९५४ सालापर्यंत नीट माहीत नव्हतं. आतले धागे गुंडाळून किंवा दुमडून आखूड होत असावेत असा समज होता. त्या वर्षी २२ मे रोजी 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी शेजारी छापून आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं आपसात नातं नव्हतं, पण दोघांना दिसलं ते एकच. धागे आखूड होतच नाहीत. जाड धागे आणि बारीक धागे, दोन्ही आपापली लांबी राखून एकमेकांत सरकतात. दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरून एकमेकांत घुसवा; बोटं तेवढीच राहतात आणि हात जवळ येतात. तसं.

सरकवतं कोण? जाड धाग्यावर सुमारे तीनशे चिमुकली डोकी असतात, मायोसिनची. ती बारीक धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. एका ओढीत धागा सरकतो तो मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतका, किंवा त्याहूनही कमी. रस्सीखेचीत सगळे हात एकदम सोडत नाहीत, म्हणून दोर मागे जात नाही, इथेही तसंच. आणि प्रत्येक ओढीमागे ऊर्जेचा एक रेणू खर्ची पडतो. स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून उठून डबा काढताना हे अब्जावधी वेळा घडून गेलेलं असतं आणि आपलं लक्ष डब्यात काय आहे याकडे.

पण मला त्याहून जास्त गुंतवलं ते खाली जाण्यानं. बैठकीत खाली जाताना स्नायू सैल पडत नाही. तो लांबत असतो आणि लांबता लांबता ताणही धरून ठेवत असतो, उतारावर बैलगाडीला ब्रेक लावून धरावा तसा. मायोसिनची डोकी धागा सोडायला तयार नसतात, वजन त्यांना ओढून सोडवतं. शिवाय खणात एक तिसरा धागा असतो, टायटिन. माणसाच्या शरीरातलं हे सगळ्यात मोठं प्रथिन, ३४ हजारांहून जास्त अमिनो आम्लांची एकच साखळी, खणाच्या टोकापासून मध्यापर्यंत ताणलेली. स्प्रिंगसारखी. स्नायू लांबला की ती ताणली जाते. स्नायू आखडताना उचलतो त्यापेक्षा लांबताना जास्त भार पेलतो, आणि तेही फार थोडी ऊर्जा जाळून.

याचा एक प्रयोग १९५२ साली इंग्लंडमध्ये झाला, तो मी कितीदा तरी वाचला असेल. ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीनं जोडल्या. एकानं पुढे पॅडल मारायचं. त्यामुळे दुसऱ्याची पॅडलं उलटी फिरणार, ती त्यानं पायांनी रोखत राहायचं. दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच. तरीही पुढे पॅडल मारणाऱ्याला कित्येक पट ऑक्सिजन लागला. रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा रोखायला एक लहानखुरी स्त्री बसली होती आणि पॅडल मारायला एक धिप्पाड पुरुष. पुरुष दमून गेला, ती बसलेली होती तशीच होती.

घरात एकट्यानं व्यायाम करणाऱ्यासाठी या सायकलींत मोठा ठेवा आहे. वजन उचलून धरायला कुणी मदतनीस नाही, लोखंड नाही. पण खाली जाणं आपल्या हातात आहे. मी पहिल्यांदा पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी टाचा उचलायची आणि खाली येताना सगळा भार एकट्या डाव्या पायावर घ्यायची. पाच आकडे मोजत, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत. वर जायला जो पाय असमर्थ होता तो खाली यायला समर्थ निघाला. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठीही असाच एक व्यायाम आहे. गुडघ्याखाली उशी घेऊन टाचा दिवाणाच्या कडेखाली अडकवायच्या आणि सरळ देहानं हळूहळू पुढे झुकत जायचं, शेवटी हात टेकायचे. दिसायला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी बसता येत नाही.

ते 'पाय भरून येणं' सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा दोष अजूनही लॅक्टिक आम्लावर टाकला जातो. बिचारं ते आम्ल तासाभरात निघून गेलेलं असतं. दुखणं येतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि ते या लांबत ताण घेण्यामुळे आलेल्या बारीक इजेचं असतं. गंमत अशी की तोच व्यायाम आठवड्याभरानं पुन्हा केला तर दुखणं निम्म्यावरही येत नाही. स्नायू एकदाच शिकतो. गुडघ्याच्या सांध्यात टोचल्यासारखं, कळ आल्यासारखं दुखलं तर मात्र ती गोष्ट वेगळी. तिथे थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आता वजनाचा प्रश्न. मांडी भरायची तर खांद्यावर शंभर किलोची लोखंडी दांडी हवी, असं मलाही वाटत होतं. ते का खरं नाही, हे समजायला एल्वूड हेनमन या हार्वर्डच्या शास्त्रज्ञाकडे जावं लागतं. १९५७पासून पुढे त्यानं मांजरांच्या मज्जारज्जूवर काम करून दाखवलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी ठरलेल्या क्रमानं कामाला लागतात. आधी लहान, मग मोठ्या. लहान पेशीच्या हाताखाली थोडे आणि चिवट तंतू असतात, मोठीच्या हाताखाली पुष्कळ आणि दांडगे. पंक्तीत वाढपी आधी दोन उभे राहतात, गर्दी वाढली की घरातले सगळे कंबर कसतात, तसं हे. पहिल्या पाच बैठकांना स्नायूतले थोडेच तंतू राबत असतात. ते थकू लागले की पुढच्यांना हाक जाते. आणि जेव्हा मांड्या पेटतात, उठताना वेग आपोआप मंदावतो, आणखी दोन-तीनच निघतील असं वाटू लागतं, तेव्हा तो शेवटचा दांडगा गट कामावर आलेला असतो. वाढण्याची ताकद त्यांच्यात सगळ्यात जास्त.

म्हणजे दांडग्या तंतूंपर्यंत पोचायचे दोन रस्ते झाले. जड वजन घेऊन थेट, किंवा हलक्या वजनावर थकत थकत. हे खरंच तसं आहे का, ते कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तपासलं गेलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तरुणांनी दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, एकेका पायानं गुडघा सरळ करण्याचा व्यायाम केला. काही पायांना एका वेळी कमाल जेवढं उचलता येतं त्याच्या ८० टक्के वजन, काहींना फक्त ३० टक्के. अट एकच, थकून थांबेपर्यंत करायचं. दहा आठवड्यांनी मांडीच्या स्नायूंची वाढ जवळपास सारखी भरली. एका दमात किती जड उचलता येतं, यात जड वजनवाले पुढे राहिले. ते कसब वेगळं. फारच हलकं, २० टक्क्यांच्या आसपास, घेतलं तर वाढ मागे पडते असं नंतरच्या कामातून दिसलं. पण त्याच्या वरचा सगळा पट्टा मोकळा आहे. स्नायूला दांडी दिसत नाही, तांदूळही दिसत नाहीत. त्याला ताण कळतो आणि आपण किती तंतूंना हाक मारली ते कळतं.

इथे तालमीतल्या बैठकांविषयी मला मनापासून वाटतं ते सांगते. शेकड्यांनी बैठका काढणारे पैलवान दम आणि चिवटपणा कमावतात, आणि कुस्तीला तो लागतोच. पण ज्याला आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास मिळतो आणि मांडी भरायची आहे, त्यानं संख्येमागे धावू नये. ५० साध्या बैठका सहज निघू लागल्या की बैठक अवघड करावी. पाठपिशवीत पाच किलो, मग दहा. मागचा पाय खुर्चीवर ठेवून पुढच्या एकाच पायावर खाली जाणं. शेवटी भिंतीला हात लावून एका पायाची पूर्ण बैठक. एका पायावर उभं राहिलं की देहाचं वजन त्या पायापुरतं दुप्पट होतं. याहून स्वस्त वजन बाजारात नाही. आणि जमेल तितकं खाली जावं. २०१९च्या एका अभ्यासात पूर्ण खोल आणि अर्धवट बैठकांची तुलना केली होती. मांडीच्या पुढच्या स्नायूंची वाढ दोन्हींत सारखी. पण कुल्ल्याचे आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू खोल बैठकीत जास्त वाढले. उकिडवं बसून भांडी घासलेल्या आपल्या आया-आज्यांना ती खोली उपजत होती. खुर्च्यांनी ती आपल्याकडून काढून घेतली.

पहिला महिना टेपवर काही दिसत नाही. मी दर रविवारी मोजत होते आणि आकडा हलत नव्हता, पण पायरीवर टाच उचलणं मात्र तीनवरून अकरावर गेलं होतं. मांस न वाढता ताकद आली कुठून? चेतासंस्थेकडून. सुरुवातीच्या आठवड्यांत मेंदू आणि मज्जारज्जू असलेल्याच तंतूंना जास्त संख्येनं आणि जास्त वेगानं हाक मारायला शिकतात. त्याचा एक पुरावा मला प्लास्टरमध्ये असतानाच मिळाला होता, फक्त तेव्हा समजला नव्हता. फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या होत्या, "उजव्या पायाचा व्यायाम रोज करा, डाव्याला फायदा होतो." मला तो धीर देण्याचा प्रकार वाटला. पण येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९४ सालीच दाखवलं होतं की एका हाताला सराव दिला तर बिनसरावाच्या हाताचीही ताकद वाढते. उजवा पाय राबत असताना डाव्याच्या चेतापेशी जणू कान देऊन ऐकत होत्या.

मग मांस केव्हा आणि कसं वाढतं? याच्या उत्तरासाठी पृथ्वीच्या एका टोकाला जावं लागतं. प्रशांत महासागरातलं ईस्टर बेट, तिथल्या लोकांच्या भाषेत रापा नुई. १९६४ साली कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम तिथे गेली. बेटावरची माणसं अनवाणी चालतात, घोडे पुष्कळ, तरी धनुर्वात का होत नाही, हा त्यातल्या एका संशोधकाचा प्रश्न होता, म्हणून त्यानं जागोजागची माती गोळा केली. ती माती मॉन्ट्रियलला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तिच्यातल्या एका जिवाणूपासून १९७०च्या दशकात एक द्रव्य निघालं आणि बेटाच्या नावावरून त्याचं नाव पडलं रापामायसिन. ते वेगळं करणाऱ्यांत होते सुरेन सहगल, फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेले. १९८२-८३च्या सुमारास ती प्रयोगशाळा बंद झाली आणि काम गुंडाळलं गेलं. सहगलांनी त्या जिवाणूचे नमुने घरी नेले आणि घरच्या फ्रीझरमध्ये, खायच्या पदार्थांशेजारी, नीट चिठ्ठी लावून ठेवून दिले. काही वर्षांनी पुन्हा काम सुरू करता आलं ते त्यामुळेच. १९९९ साली मूत्रपिंडाचं रोपण झालेल्या रुग्णांसाठी ते औषध म्हणून मंजूर झालं.

पण माझ्या पोटरीशी त्याचा संबंध काय? हे द्रव्य पेशीत नक्की कशाला जाऊन अडवतं, याचा शोध घेताना शास्त्रज्ञांना एक प्रथिन सापडलं. आधी १९९१ साली यीस्टमध्ये, मग सस्तन प्राण्यांत. त्याचं नावच 'रापामायसिनचं लक्ष्य' असं पडलं. आज ते एमटॉर म्हणून ओळखलं जातं. अन्न आहे का, ऊर्जा आहे का, वाढीचा सांगावा आहे का, हे सगळं ऐकून 'बांधकाम सुरू करा' म्हणणारा पेशीतला हा मुकादम. २००९ साली टेक्सासमध्ये काही निरोगी माणसांना पायांच्या व्यायामाआधी रापामायसिन दिलं गेलं. एरवी व्यायामानंतर काही तासांत नवी प्रथिनं बांधण्याचा वेग वाढतो. त्यांच्यात तो वाढलाच नाही. पाय राबले होते, घाम आला होता, मुकादम तेवढा गप्प होता. ताण हे ओढणं. ओढण्याची बातमी पेशीतल्या रसायनाला कळते आणि त्या रसायनाचं मांस होतं. पाय कमावण्याच्या या दुव्याला एका बेटाचं नाव चिकटलेलं आहे, आणि ती साखळी कुणाच्या तरी घरातल्या फ्रीझरमुळे तुटता तुटता वाचली.

मुकादमाला मजूरही लागतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. तंतूच्या कडेला, त्याच्या वेष्टनाच्या आत दडून बसलेल्या काही एकट्या पेशी त्याला दिसल्या. त्यानं त्यांना उपग्रह पेशी म्हटलं. एरवी त्या निजलेल्या असतात. स्नायूवर भार आला, इजा झाली की जाग्या होतात, संख्येनं वाढतात आणि तंतूत विलीन होऊन आपलं केंद्रक त्याला देऊन टाकतात. स्नायूच्या एका तंतूत अशी शेकडो-हजारो केंद्रकं असतात. शरीरातल्या बहुतेक पेशींना एकावर भागवावं लागतं. ओस्लोतल्या संशोधकांनी २०१० साली उंदरांत पाहिलं की भारामुळे वाढलेला स्नायू पुढे रोडावला तरी मिळालेली केंद्रकं बरेच दिवस टिकून राहिली. घर रिकामं झालं, पण खांब उभे.

बांधकाम व्यायाम करताना होत नाही, नंतर होतं. एका दिवसाच्या कामानंतर प्रथिनं बांधण्याचा वाढलेला वेग एक ते दोन दिवस टिकतो, म्हणून मध्ये एक दिवस सोडायचा. आणि माल लागतो. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली जो आकडा पुढे आला तो असा, की असा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत फायदा होत जातो. ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. पोळी-भाजी-वरण-भातात तेवढं भरत नाही. त्यात मटकीची उसळ, अंडी, दही, पनीर, सोयाबीन, मासे यांची भर लागते. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यानं मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि वय? माझं ५३ आहे, म्हणून मी हे मुद्दाम शोधलं. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा जड व्यायाम दिला गेला. सरासरी वय ९० वर्षं. आठ आठवड्यांत त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि मांडीच्या मध्यावर स्नायूंचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी. दोघांनी काठी सोडली. खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता न येणारे तिघे होते, त्यातल्या एकाला उठता येऊ लागलं. नव्वदीतही त्या निजलेल्या पेशी हाकेला उठतात, मुकादम ऐकतो.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती ८१ची. "मला कशाला आता," म्हणाली. दोन दिवसांनी मी पायरीवर टाचा उचलत होते, डावी पोटरी आता ३३.५ झाली आहे, तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आईनं पदर खोचला होता, हात छातीवर घडी घालून धरले होते आणि डोळे समोरच्या कॅलेंडरवर. उठली. बसली, अगदी हळू, मी सांगितलं होतं तशी. पुन्हा उठली. चौथ्या वेळी मांड्या थरथरू लागल्या.

"अगं, मोजतेयस ना?" ती म्हणाली.

"चार झाल्या, आई."